दाबून की सोडून

आजवर मला दोनच माणसांनी गप्प बसवले आहे. पहिले एक तहसीलदार, त्यांनी माझी बदली केली. दुसरा अमडापूरचा एक मिस्त्री, त्याने माझ्या फायलीवर खडूने एक शब्द लिहिला. तहसीलदारांच्या आदेशाविरुद्ध मी अपील केले आणि ते जिंकलो. मिस्त्रीच्या शब्दाविरुद्ध अपील कोठे करायचे, हे मात्र मला चौतीस वर्षांच्या महसुली नोकरीने शिकवले नव्हते.

मी जानेफळचा रहिवासी, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेलो आहे. अन्याय दिसला की पत्र लिहितो. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र, आणि आले तर त्या उत्तरातील चुकांबद्दल पुन्हा पत्र. या सवयीची गावात थट्टा होते, याची मला पूर्ण कल्पना आहे. तथापि गावातील अर्ध्याअधिक हातपंपांना पाणी आहे ते कोणाच्या पत्रांमुळे, हेही नोंद होणे आवश्यक आहे.

मिस्त्रीचे गॅरेज म्हणजे अमडापुरात रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली उभे केलेले पत्र्याचे छप्पर. पुढच्या बाजूला एक तार ताणलेली असे आणि तिच्यावर निकामी झालेली बेअरिंगे ओवलेली असत, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने गावाचे नाव. ‘धामणगाव बढे, ट्रॅक्टर.’ ‘चिखली, जीप.’ वारा सुटला की ती एकमेकांवर किणकिणत. कोणी विचारलेच, तर मिस्त्री सांगे की ही गेलेल्यांची यादी आहे, सकाळी आल्यावर मी यांना हात जोडतो. आणि तो खरोखर जोडत असे. ते मी पाहिले आहे.

त्याच्या गॅरेजचे दोन नियम होते. गाडीचा आजार मालकाने सांगायचा नाही, हा पहिला. इंजिन चालू असताना कोणीही बोलायचे नाही, हा दुसरा. एका आडत्याने एकदा चालू इंजिनाशेजारी मोबाइलवर भाव विचारायला सुरुवात केली, तेव्हा मिस्त्रीने किल्ली फिरवून इंजिन बंद केले, हात पुसले आणि तो जेवायला निघून गेला. आडत्या दोन तास लिंबाखाली बसून राहिला. मिस्त्रीच्या डब्यात रोज भाकरी आणि ठेचा असे, आणि जेवताना तो मोटारीविषयी अक्षर बोलत नसे.

सर्वांत विलक्षण गोष्ट ही की त्याला गाडी चालवता येत नव्हती. परवाना नव्हता, काढण्याची इच्छाही नव्हती. तो सायकलने येई आणि सायकलने जाई. दुरुस्तीनंतर गाडी फिरवून पाहायची असेल तर मालकाने चालवायची, आणि मिस्त्री शेजारच्या आसनावर डोळे मिटून बसे.

माझी त्याची गाठ पडली ती माझ्या जुन्या जीपमुळे. इंजिन सुरू केले की तळातून दळण दळल्यासारखी घरघर ऐकू येई. शहरातील एका गॅरेजने क्लचचे रिलीज बेअरिंग खराब आहे म्हणून ते बदलले. घरघर थांबली नाही. त्यांनी तेच बेअरिंग पुन्हा बदलले. घरघर थांबली नाही. माझा पत्रव्यवहार सुरू झाला आणि फाईल दोन बोटे जाड झाली. अखेर मी ती जीप आणि ती फाईल, दोन्ही घेऊन अमडापूरला गेलो.

मिस्त्रीने फायलीकडे पाहिले. “यात काय लिवेल आहे?”

“तक्रार आहे,” मी म्हणालो.

“कोनाची? गाडीची का तुमची?”

उत्तराची वाट न पाहता त्याने ती मडगार्डवर ठेवली आणि तिच्यावर आपला चहाचा ग्लास. मग मला आत बसवले, गिअर न टाकता इंजिन चालू करायला लावले, बाभळीची एक काठी गिअरबॉक्सच्या अंगाला टेकवून दुसरे टोक कानाशी धरले, आणि बोटाने खूण केली. पेडल दाबा. मी दाबले. घरघर बंद. सोडा. मी सोडले. घरघर चालू. असे तीनदा झाले. मग त्याने कानावरचा खडू काढून बॉनेटवर एकच शब्द लिहिला. ‘सोडून.’

अर्थ विचारल्यावर त्याने तारेवरचे एक रिलीज बेअरिंग काढून हातात घेतले. त्याने मला जे समजावले ते इतके स्वच्छ होते की मी ते आजही जसेच्या तसे सांगू शकतो. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील फिरत असते आणि त्याच्याबरोबर प्रेशर प्लेट. या दोहोंच्या मध्ये क्लचप्लेट घट्ट दाबून धरलेली असते आणि तिच्यामार्फत फिरण्याचे बळ गिअरबॉक्सकडे जाते. गिअर बदलायचा तर ही मिठी क्षणभर सैल करावी लागते. ती सैल होते प्रेशर प्लेटच्या मध्यावर असलेल्या पोलादी पट्ट्या दाबल्या की. मिस्त्री लोक त्यांना फिंगर म्हणतात. अडचण अशी की फिंगर मिनिटाला हजारो फेरे घेत असतात आणि त्यांना दाबणारा, पेडलला जोडलेला काट्यासारखा फोर्क जागेवर उभा असतो.

“फिरत्यावर उभ्यानं हात ठेवला तं हात जाते,” मिस्त्री म्हणाला. “म्हनून मधात असा एक पायजे, जो इकून उभा अन् तिकून फिरता. हा तो. एक कडी फोर्कासंगं उभी, दुसरी फिंगरासंगं फिरते. भांडन दोघाचं, झिजते हा.”

आणि निदान त्याहून सोपे. पेडल सोडलेले असताना रिलीज बेअरिंग फिंगरांपासून जरासे दूर, विश्रांतीत असते. विश्रांतीत असलेला ओरडणार कसा? म्हणून पेडल दाबल्यावर आवाज आला तर तो बेअरिंगचा. दाबल्यावर बंद होऊन सोडल्यावर येत असेल तर ओरडणारा दुसरा कोणी आहे, गिअरबॉक्सच्या आतला. माझे निरपराध बेअरिंग दोनदा बदलले गेले होते.

एवढ्यावर मी त्याचा भक्त झालो असतो. पण त्याने ग्लास उचलला, माझ्या फायलीच्या तपकिरी पुठ्ठ्यावर उमटलेले चहाचे वर्तुळ पाहिले, आणि त्याच्या खाली त्याच खडूने तोच शब्द लिहिला. ‘सोडून.’

“साहेबाचंबी तसंच हाय,” तो लिंबाखाली बसलेल्यांना म्हणाला. “कोनी दाबत नाई, तरी आवाज चालूच.”

लिंबाखालचे सगळे हसले. मी जीप घेऊन निघालो आणि त्याच संध्याकाळी, सार्वजनिक ठिकाणी केलेल्या अवमानाबद्दल लेखी माफी मागावी अन्यथा योग्य ती कार्यवाही करण्यात येईल, अशी चार पानी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने धाडली. पोचपावती सहीनिशी परत आली. सहीच्या जागी दोन वर्तुळे काढलेली होती, एकात एक. हा मनुष्य रोजचे वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असे. सही मात्र त्याची तीच होती.

पुढे दुसरीकडे गिअरबॉक्स उघडला, तेव्हा पुढच्या शाफ्टाचे बेअरिंग फुटलेले निघाले. माझ्या रागाला कायद्याचा आधार होता, परंतु पुराव्यापुढे मान लववणे हाही कायदाच आहे. मी पुन्हा अमडापूरला जाऊ लागलो. तारेवर ‘चिखली, जीप’ आणि ‘मेहकर, टेम्पो’ यांच्या मध्ये माझ्या नोटिशीचे पाकीट चिमट्याने अडकवलेले होते. न फोडलेले.

कालांतराने माझ्या लक्षात आले की तो शब्द केवळ माझ्या वाट्याला आलेला नव्हता. मिस्त्री सगळ्या जगाला त्याच दोन शब्दांत मोजत असे. दाबून रडणारे आणि सोडून रडणारे. या दोहोंत न बसणारा तो हाफ क्लच, म्हणजे धड देत नाही, धड सोडत नाही. एका वधूपित्याने मुलाची चौकशी केली असता मिस्त्री म्हणाला होता की पोरगा गुणाचा हाय, पन हाफ क्लच हाय. ते लग्न मोडले. मुलीचे नंतर चिखलीस चांगले झाले, आणि तिचे वडील दर दिवाळीला गॅरेजवर करंज्यांचा डबा आणून देत.

त्याची आणखी एक सवय सांगितली पाहिजे, कारण पुढे ती फार मोलाची ठरली. त्याच्याकडे सुटे भाग धुण्यासाठी डिझेलची घमेली भरलेली असत. नट, बोल्ट, झाकणे, सगळे त्यात बुडे. रिलीज बेअरिंग मात्र घमेल्याच्या जवळसुद्धा नेण्याची कोणाला परवानगी नव्हती. ते तो कोरड्या धोतराच्या फडक्याने, तान्ह्या मुलाचे तोंड पुसावे तसे पुसत असे.

आता मुख्य प्रकरण.

माझ्या घरासमोर राहणारे गृहस्थ एका खाजगी संस्थेच्या शाळेची बस चालवीत. अकरा वर्षांत बसला ओरखडा नाही. सकाळी निघताना ते मला “जय भीम, साहेब” म्हणत आणि मी “जय भीम” म्हणून घड्याळ लावत असे, इतकी त्यांची वेळ नेमकी. एके सकाळी उतारावर त्यांच्या पायाखाली पेडल किंचाळत तळाला गेले आणि गिअर निघेना. बसमध्ये मुले होती. त्यांनी गिअरमध्येच इंजिन बंद केले, ब्रेक दाबत बस कडेच्या मातीच्या बांधाला हळूच टेकवली, हँडब्रेक ओढला आणि मुलांना एकेक करून खाली उतरवले. एकाचेही नख दुखावले नाही.

या मनुष्याला संस्थेने निलंबित केले. बसच्या देखभालीचा ठेका ज्याच्याकडे होता, त्याने अहवाल दिला की रिलीज बेअरिंग जळाले असून, चालकाने सतत क्लचवर पाय ठेवून बेदरकारपणे वाहन चालविल्याचा तो परिणाम आहे. बेदरकार! मी आयुष्यभर शब्दांत वावरलो आहे. हा शब्द एकदा सेवापुस्तकात शिरला की चालक म्हणून मनुष्य संपतो. मग कोणतीही शाळा त्याच्या हाती लेकरे देत नाही. ते माझ्या ओसरीवर बसले आणि एवढेच म्हणाले, “साहेब, नोकरी गेली तं जाऊ द्या. पन माह्या पायावर खोटा आळ घेतला त्याईनं.”

मी त्याच दुपारी मुख्याध्यापकांना पत्र दिले. बसमधून काढलेले बेअरिंग, क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट हा पुरावा असून, तो पंचांसमक्ष पोत्यात घालून मोहोरबंद करावा. तो भंगारात गेल्यास पुरावा नष्ट केल्याचा ठपका व्यक्तिशः आपणांवर ठेवण्यात येईल. माझे आणखी एक पत्र येऊ नये, एवढ्याच हेतूने त्यांनी तसे केले. ठेकेदाराचा माणूस भंगाराची गाडी घेऊन आला तो दुसऱ्याच दिवशी.

पुरावा हाती होता, परंतु तो बोलता करणारा एकच मनुष्य मला ठाऊक होता. मी अमडापूरला गेलो.

“नोटीस मागं घ्याले आले का?” मिस्त्रीने विचारले.

नाही, असे स्पष्ट सांगून मी प्रकरण मांडले. त्याने मधे दोनच प्रश्न विचारले. क्लचप्लेट कधी बदलली होती? महिनाभरापूर्वी, त्याच ठेकेदाराने. आणि तेव्हा बेअरिंग? चांगले आहे म्हणून तेच परत बसवले. मिस्त्रीने कानावरचा खडू काढला, पाहिला, आणि परत कानावर ठेवला.

“येतो,” तो म्हणाला. “पन माह्या गॅरेजचा नियम तिथंबी चालन. मी सांगेपरेंत तुमी बोलाचं नाई.”

मी आजवर केलेल्या करारांत हा सर्वांत कठीण होता. मी मान्य केले.

चौकशी शाळेतल्याच एका वर्गात झाली. समितीवर तिघे होते: अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक, एक शिक्षिका आणि संस्थेचे एक प्रतिनिधी. चालकाचा मित्र म्हणून मी शेजारी बसलो होतो, फाईल मांडीवर. ठेकेदाराचा मेकॅनिक इस्त्रीच्या निळ्या गणवेशात आला होता. मिस्त्री सायकलच्या कॅरिअरला पिशवी लावून आला, आणि आत येताना चपला बाहेर काढून आला.

संस्थेच्या प्रतिनिधींनी पहिलाच प्रश्न विचारला की साक्षीदारास वाहन चालविता येते काय. मिस्त्री म्हणाला, नाही. परवाना? नाही. प्रतिनिधी अध्यक्षांकडे पाहून हसले. मी फाईल उघडली. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले आणि मी ती मिटली.

“घोड्याले नाल ठोकनारा वरातीत घोड्यावर बसते काय, साहेब?” मिस्त्री म्हणाला. शिक्षिकाबाईंनी तोंडाला पदर लावला.

पोते उघडण्यात आले. मिस्त्रीने आधी क्लचप्लेट उचलून अध्यक्षांपुढे ठेवली. तिचे अस्तर जाड आणि एकसारखे होते, कोठे काळा डाग नाही. क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याची प्लेट घसरत राहते आणि सहसा तीच आधी जळते, हे त्याने त्यांना समजावले. मग त्याने बेअरिंग हातात घेतले, कानाजवळ नेऊन फिरवले आणि, सर्वांना चमत्कारिक वाटेल अशा रीतीने, बराच वेळ हुंगले. मेकॅनिककडे वळून त्याने जो प्रश्न विचारला तो संपूर्ण चौकशीत त्याचा एकमेव प्रश्न होता.

“बसवाच्या आधी धुतलं का?”

मेकॅनिकला तो आपल्या अस्वच्छतेवरचा आरोप वाटला. तो ताठ झाला. “धुतल्याबिगर मी नटबी लावत नाई. रातभर डिझेलात ठेवलं, ब्रशनं घासलं, मंग बसवलं. आमचं काम क्लीन असते.”

त्या उत्तराचा अर्थ वर्गात फक्त मिस्त्रीला आणि मला कळला होता. प्रतिनिधींनी लिपिकाला मजकूर सांगायला सुरुवात केली: सदर भाग बसविण्यापूर्वी नियमानुसार स्वच्छ करण्यात आला.

मिस्त्री माझ्याकडे वळला. “आता दाबलं,” तो म्हणाला. “आता बोला, साहेब.”

मी उठलो. साक्षीदाराचे कथन त्याच्याच शब्दांत नोंदवले जाईल, हा नैसर्गिक न्यायाचा पाया आहे, असे मी सांगितले. साक्षीदार ‘स्वच्छ केला’ म्हणालेला नाही. तो ‘धुतले’ म्हणाला आहे, ‘रात्रभर डिझेलात ठेवले’ म्हणाला आहे. स्वच्छता हा गुण आहे आणि धुणे ही कृती आहे. या चौकशीत कृतीची नोंद हवी, गुणाची नव्हे. हा शब्द बदलला तर मी येथून थेट न्यायालयात जाईन, आणि जाताना या खोलीतील प्रत्येकाला एकेक पत्र देऊन जाईन. माझा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला असावा, कारण शिपाई खिडकीत येऊन उभा राहिला. अध्यक्षांनी पेन खाली ठेवले आणि लिपिकाला म्हणाले, “धुतलं, असंच लिहा.” त्याने लिहिले. मेकॅनिकने खाली सही केली. आपण कशावर सही करीत आहोत, याची त्याला अजून कल्पना नव्हती.

मग मिस्त्रीने पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली, अध्यक्षांची परवानगी घेतली, आणि बेअरिंगचे झाकण उचकटून ते उघडे त्यांच्या हातावर ठेवले.

“यात ग्रीस कारखान्यात भरून तोंड शिवेल असते,” तो म्हणाला. “पुन्हा भराची सोय नाई. डिझेलात ठेवलं की ते सारं निंगून जाते. पायानं जाळलं असतं तं आत काळं, करपेल ग्रीस सापडलं असतं. पेटेल चुलीत राख असते ना, गुरुजी? इथं पाहा. राखच नाई. इथं चूलच धुवून पुसून ठेवेल हाय.”

अध्यक्षांनी बोट घालून फिरवले. बोट कोरडे बाहेर आले. त्यांनी ते शिक्षिकाबाईंना दाखवले, मग प्रतिनिधींना, आणि शेवटी, बराच वेळ, स्वतःच पाहत राहिले. समोर चालक बसले होते. त्यांनी खाली वाकून आपल्या डाव्या पायाकडे पाहिले. महिनाभर आरोपी असलेला तो पाय होता.

आठवड्याभरात आदेश आला. दोषारोप सिद्ध होत नाहीत. निलंबन मागे घेण्यात येत आहे. निलंबन काळ कर्तव्यकाळ समजण्यात यावा. प्रसंगावधान दाखवून मुलांचे प्राण वाचविल्याबद्दल चालकाची सेवापुस्तकात प्रशंसात्मक नोंद घेण्यात यावी. शेवटचे वाक्य कोणी मागितले नव्हते. ते अध्यक्षांनी आपण होऊन घातले. मी तो आदेश ओसरीवर उभा राहून मोठ्याने वाचला, आणि पहिल्यांदा कमी ऐकू आले असे सांगणाऱ्यांसाठी पुन्हा वाचला.

पुढच्या रविवारी, संस्थेच्या परवानगीने, चालकांनी नवे बेअरिंग बसवलेली बस अमडापूरला आणली. मी त्यांच्या शेजारी बसून गेलो. मिस्त्रीने लिंबाखालच्या सगळ्यांना गप्प केले, काठी कानाला लावली आणि खूण केली. पेडल दाबले. आवाज नाही. सोडले. आवाज नाही. त्याने खडू कानावरून काढलाच नाही. बॉनेटवर काहीही न लिहिणे, याहून मोठे प्रमाणपत्र त्या गॅरेजात नव्हते.

मग त्याने माझी फाईल मागितली. तीच ती, चहाचे वर्तुळ असलेली. मी तो शब्द अनेकदा रुमालाने पुसला होता, पण पुठ्ठ्यात त्याची खूण राहिलीच होती. मिस्त्रीने अंगठा ओला करून ती खूण घासून काढली आणि त्या जागी सावकाश लिहिले. ‘दाबून.’ लिंबाखालची मंडळी या वेळी हसली नाहीत. चालकांनी माझा हात हातात धरला तो सोडला नाही.

“ते पाकीट आता तं फोडू का?” मिस्त्रीने तारेकडे पाहत विचारले.

राहू द्या, मी म्हणालो, गेलेल्यांच्या यादीत ते शोभते. परंतु हा शेरा मला असा चालणार नाही; सहीवाचून शेऱ्याला कायद्यात किंमत नसते. त्याने खडू पुन्हा उचलला. मग शब्दाखाली त्याने दोन वर्तुळे काढली, एकात एक. एक उभे, एक फिरते.

दिनांक मात्र मीच घातला.